किमोनोआडची चाके

एखादे यंत्र माणसांमध्ये वावरणार असेल, तर त्याला शरीर कसले द्यावे? हा प्रश्न संगणकाच्या युगात जन्मला असे आपण सहज धरून चालतो. जपानमध्ये त्याचे लेखी उत्तर १७९६ सालचे आहे. तोसा प्रांतातून एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, आलेल्या होसोकावा हान्झो योरिनाओ या विद्वान कारागिराने त्या वर्षी ‘काराकुरी झुई’ हा तीन भागांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. होसोकावाने सरकारी पंचांगाच्या दुरुस्तीतही भाग घेतला होता, त्यामुळे मोजमापाची शिस्त त्याच्या अंगात मुरलेली. ग्रंथात आधी घड्याळे येतात आणि मग यंत्रबाहुल्या, आणि प्रत्येकीचे भाग उकलून दाखवलेले. त्यांतली चहा वाहणारी बाहुली सर्वांत प्रसिद्ध. उंची सुमारे ३५ सेंटीमीटर, अंगात किमोनो, हातांत तबक. यजमानाने तबकावर चहाचा पेला ठेवला की ती पाहुण्याकडे निघते. पाहुण्याने पेला उचलला की जागीच थांबते, आणि रिकामा पेला परत ठेवला की वळून आली तशी मागे जाते. जाताना मान लवते, किमोनोच्या काठाखाली पावले पुढेमागे होताना दिसतात. आत लाकडी दातेरी चाके, देवमाशाच्या तोंडातील लवचिक पट्टी गुंडाळून केलेली स्प्रिंग, आणि वेग आवरायला घड्याळातलीच युक्ती. बाहुली पावलांवर चालत मात्र नाही. ती चाकांवर चालते. पावले दिसण्यापुरती हलतात.

या बाहुलीला काय येत नाही हे आधी पाहायला हवे. तिला बोलता येत नाही, पाहुणा ओळखता येत नाही, पायरी चढता येत नाही, पेला हाताने धरता येत नाही. यांतले काही आपल्याला येते असा आवही ती आणत नाही. तबक पुढे धरलेली छोटी सेवेकरी मूर्ती समोर येऊन उभी राहिली की पाहुण्याला सुचण्याजोगी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पेला उचलणे. यंत्राला जेवढे समजते नेमके तेवढेच करायला तिचा आकार पाहुण्याला भाग पाडतो. चाके लपवली आहेत हे खरे, पण त्या लपवण्याने कोणाचा अपेक्षाभंग होत नाही. तातामी चटया अंथरलेली सपाट खोली हे तिचे सगळे जग, आणि तिथे चाक पुरेसे असते. माझे म्हणणे या बाहुलीपासून सुरू होते. यंत्राचे शरीर म्हणजे त्याच्या कुवतीविषयी पाहणाऱ्याला दिलेले वचन. जपानच्या तीन शतकांच्या इतिहासात ज्या शरीरांनी झेपेल तेवढेच वचन दिले ती माणसांच्या घरादारांत रुळली; ज्यांनी अधिकाचे दिले ती प्रदर्शनाच्या मंचावर राहिली. माणसासारखे दिसणे ही प्रगतीची शिडी आहे आणि जपानी लोक ती सर्वांत वेगाने चढले, ही जगभर सांगितली जाणारी गोष्ट या पुराव्यापुढे टिकत नाही.

या बाहुलीच्या पोटातले घड्याळ जपानमध्ये कुठून आले, या कथेचा एक धागा गोव्यातून जातो. १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून कागोशिमाला पोहोचला. पुढे १५५१ मध्ये यामागुचीचा सरदार ओउची योशिताका याला त्याने ज्या भेटी दिल्या, त्यांत एक यांत्रिक घड्याळ होते. जपानमध्ये आलेले पहिले यांत्रिक घड्याळ हेच, असे इतिहासकार मानतात. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चमध्ये ज्याचे शव आजही आहे, तोच हा झेवियर. जपानी कारागिरांनी ते यंत्र नुसते उतरवून घेतले नाही. त्यांच्याकडे दिवस आणि रात्र यांचे प्रत्येकी सहा भाग होत, आणि ऋतूप्रमाणे त्या भागांची लांबी बदलत असे. असे बदलते तास दाखवणारी स्वतंत्र घड्याळे त्यांनी घडवली. त्या कसबातून बाहुल्या आल्या. १६६२ मध्ये ताकेदा ओमी याने ओसाकाच्या दोतोनबोरी भागात यंत्रबाहुल्यांचे नाट्यगृह उघडले आणि ही करमणूक गावोगावच्या लोकांपर्यंत गेली. एकोणिसाव्या शतकात कुरुमे गावच्या तानाका हिसाशिगेने बाण सोडणारा मुलगा घडवला. तो मुलगा भात्यातून बाण काढतो, धनुष्याला लावतो, नेम धरतो आणि सोडतो. त्याच्या चेहऱ्याचा एकही स्नायू हलत नाही, फक्त मान किंचित कलते. नो नाट्यातल्या मुखवट्याप्रमाणे प्रकाशाचा कोन बदलला की तोच चेहरा कधी एकाग्र वाटतो, कधी समाधानी. भाव प्रेक्षकाच्या मनात उमटतात. कारागिराने त्यांना जागा तेवढी ठेवलेली असते. माझ्या मते मानवी चेहऱ्याच्या यांत्रिक रचनेतला याहून सुज्ञ निर्णय पुढच्या दीडशे वर्षांत फार थोड्यांनी घेतला.

तानाकाने १८७५ मध्ये टोकियोत सुरू केलेल्या कारखान्याचे पुढे तोशिबा कंपनीत रूपांतर झाले, आणि या दुव्यावर अनेकांनी एक मोठा इमला उभारला आहे: काराकुरी बाहुली, मग तोशिबा, मग यंत्रमानव, अशी अखंड वंशावळ. मला ती मान्य नाही. जपानच्या कारखान्यांत आलेले पहिले औद्योगिक रोबो अमेरिकन होते. कावासाकी कंपनीने १९६८ मध्ये अमेरिकेच्या युनिमेशनशी करार केला आणि त्यांचा यांत्रिक हात जपानमध्ये बनू लागला. त्या हाताच्या घडणीत चहावाल्या बाहुलीचे काही नाही. काराकुरीची परंपरा शोधून तिला यंत्रमानवाची पूर्वज ठरवणे हे बरेचसे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले काम आहे, आणि त्यात राष्ट्राभिमानाचा भाग मोठा आहे. मग बाहुलीपासून सुरुवात का करायची? कारण वंश तुटला तरी प्रश्न तोच राहिला. कुवत थोडी, पाहणाऱ्याची कल्पनाशक्ती अफाट, आणि या दोहोंमध्ये उभे करायचे ते शरीर. हा पेच जुन्या कारागिराला पडला होता तसाच नव्या अभियंत्यालाही पडला. दोघांची उत्तरे शेजारी ठेवून पाहायला रक्ताचे नाते असावे लागत नाही.

विसाव्या शतकातले पहिले मोठे जपानी उत्तर चमत्कारिक आणि मनोवेधक आहे. कारेल चापेकचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२१ मध्ये प्रागला रंगभूमीवर आले आणि १९२४ मध्ये टोकियोच्या त्सुकिजी छोट्या नाट्यगृहात त्याचा जपानी प्रयोग झाला. मालकासाठी राबणारा आणि अखेर त्याच्यावर उलटणारा कृत्रिम कामगार निशिमुरा माकोतो या जीवशास्त्रज्ञाला पटला नाही. ओसाका माइनिची वृत्तपत्राच्या पाठबळावर त्याने १९२८ च्या क्योतो प्रदर्शनासाठी ‘गाकुतेन्सोकु’ नावाची तीन मीटरहून उंच बैठी आकृती उभी केली. त्याच वर्षी लंडनला लोकांसमोर आलेला एरिक हा रोबो चिलखत घातल्यासारखा धातूचा होता. निशिमुराने रबरी नळ्या आणि दाबाखालची हवा वापरली, कारण त्याला हालचालीत सजीवाचा मऊपणा हवा होता. गाकुतेन्सोकु डोळे मिटे, उघडे, हसे, आणि हातातल्या लेखणीने लिही. चेहरा घडवताना निशिमुराने निरनिराळ्या मानववंशांची वैशिष्ट्ये एकत्र आणली. या आकृतीचा काही उपयोग नव्हता, आणि ते तिच्या कर्त्याला ठाऊक होते. राबण्यासाठी मी नाही, हेच तिचे शरीर सांगत होते. बसलेली मूर्ती कोणी ओझे उचलायला बोलावत नाही. मूळ आकृती पुढे हरवली. ओसाका विज्ञान संग्रहालयाने २००८ मध्ये तिची चालती प्रतिकृती करवून घेतली.

या सगळ्या अनुभवाला विचाराचे रूप दिले ते मोरी मासाहिरो यांनी. टोकियो तंत्रविज्ञान संस्थेत प्राध्यापक असलेल्या मोरींचा काही पानांचा लेख १९७० मध्ये एस्सो तेल कंपनीच्या ‘एनर्जी’ या नियतकालिकात आला. वस्तू माणसासारखी दिसू लागली की तिच्याविषयी आपल्याला वाटणारी जवळीक वाढत जाते. पण साम्य जवळजवळ पूर्ण होऊ लागते तिथे जवळीक एकदम कोसळते आणि शिसारी वाटू लागते. आलेखावर ही जागा दरीसारखी दिसते. मोरींनी औद्योगिक रोबो, खेळण्यातला रोबो, कृत्रिम हात, बुनराकू या बाहुलीनाट्यातली बाहुली, प्रेत असे एकेक नमुने त्या आलेखावर मांडले. खऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम हात हस्तांदोलनात थंड आणि हाडे नसल्यासारखा लागला की माणूस दचकतो, हे त्यांचे उदाहरण लगेच पटते. लेखाविषयी एक आक्षेप रास्त आहे: त्यात मोजमाप नाही, वक्र रेषा अंदाजाने काढलेली आहे. पुढे झालेल्या प्रयोगांतही ही दरी कधी आढळते, कधी नाही. तरीही आकृती काढून लोक जो भाग विसरतात, तो माझ्या दृष्टीने लेखाचा गाभा आहे. मोरी रचनाकारांना दरी ओलांडायला सांगत नाहीत. अलीकडच्या शिखरावर थांबायला सांगतात. बुद्धमूर्ती घडवणाऱ्या शिल्पकाराने कोरलेल्या लाकडी हाताचा दाखला ते देतात. त्याला लाकडाचाच रंग आहे, बोटांची वळणे सुंदर आहेत, आणि तो मांसाचा असल्याचा दावा करत नाही. १७९६ च्या बाहुलीमागचे शहाणपण इथे पहिल्यांदा तत्त्व म्हणून मांडले गेले.

मोरींचा सल्ला त्या काळी फारसा कोणी ऐकला नाही. वासेदा विद्यापीठात काटो इचिरो यांच्या गटाने १९७३ मध्ये वाबोट-१ हा पूर्ण उंचीचा चालणारा यंत्रमानव केला. १९८४ च्या वाबोट-२ ला मात्र त्यांनी इलेक्ट्रॉनिक ऑर्गनसमोर बसवले. स्वरलिपी कॅमेऱ्याने वाचून तो हातापायांनी वाजवत असे. काम एक, आणि शरीर त्या कामापुरते. होंडाने १९८६ पासून गुप्तपणे दोन पायांवर चालण्याचा अभ्यास चालवला होता. डिसेंबर १९९६ मध्ये पी-२ लोकांसमोर आला तेव्हा तो १८२ सेंटीमीटर उंच आणि २१० किलो वजनाचा होता. एवढे धूड घरात कोणाला नको होते. पुढचा पी-३ १६० सेंटीमीटरवर आला, आणि २००० सालचा असिमो १२० वर. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नजरेला नजर मिळावी, दाराची मूठ आणि दिव्याची बटणे हाताला लागावीत, हा त्या उंचीमागचा हिशेब होता. हिशेब चोख होता. पण दोन पाय, दोन हात, पाठीवर पिशवीसारखा खोका आणि अंतराळवीरासारखे शिरस्त्राण, असे शरीर जे वचन देत होते ते फार मोठे होते: जिथे माणूस जातो तिथे मी जाईन. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाची अणुभट्टी बिघडली तेव्हा जपानी लोकांनी ते वचन आठवले आणि विचारले, आपले यंत्रमानव कुठे आहेत? एप्रिलमध्ये भट्टीच्या इमारतीत प्रथम शिरले ते पट्ट्यांवर चालणारे बसके अमेरिकन पॅकबोट. होंडाने त्यानंतर असिमोचे तंत्र वापरून फुकुशिमासाठी जे यंत्र केले, ते सरपटत्या पट्ट्यांच्या गाड्यावर उभा केलेला उंच दांडा आणि त्याच्या टोकाला वळणारा हात असे होते. असिमोचे ज्ञान उपयोगी पडले, पण त्याआधी त्याचे शरीर बाजूला ठेवावे लागले. मार्च २०२२ मध्ये असिमोचे जाहीर प्रयोग थांबले.

असिमो घडत होता त्याच सुमारास दुसरीकडे दोन यांत्रिक प्राणी जन्मले, आणि रचनेच्या दृष्टीने मला ते असिमोहून कितीतरी अधिक विचारपूर्वक घडवलेले वाटतात. सोनीचा आयबो १९९९ मध्ये आला. २,५०,००० येन किंमत असूनही जपानसाठी राखलेले ३,००० नग २० मिनिटांत संपले. तो कुत्रा होता; पण चित्रकार सोरायामा हाजिमे यांनी रेखाटलेली त्याची कांती चकचकीत, कडक, यंत्राचीच होती. आपण सांगितलेले कुत्र्याने ऐकले नाही तरी आपण रागावत नाही. तो लहरी आहे असे म्हणतो. आयबोची अर्धवट समज या सवलतीत झाकली गेली. ‘पॅरो’ या सीलच्या पिलाचा मार्ग नेमका उलटा. त्सुकुबाच्या राष्ट्रीय औद्योगिक विज्ञान संस्थेतले शिबाता ताकानोरी १९९३ पासून माणसाच्या सोबतीच्या यंत्रांवर काम करत होते. त्यांनी कुत्रा आणि मांजर करून पाहिले, तर लोक लगेच खऱ्या प्राण्याशी तुलना करत आणि निराश होत. मग त्यांनी जो प्राणी सर्वांना माहीत आहे पण कोणी पाळलेला नाही तो निवडला. कॅनडातल्या माद्लेन बेटांवर जाऊन सीलच्या पिलांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. पांढऱ्या मऊ केसांचा, ५७ सेंटीमीटर लांब आणि २.७ किलो वजनाचा पॅरो नवजात बाळाइतका भरतो. तो मांडीवर घेण्यासाठीच आहे, आणि चालता न येणे हे सीलला शोभूनही दिसते. आयबोने ओळखीचा प्राणी घेतला आणि कातडी नाकारली. पॅरोने कातडी घेतली आणि ओळखीचा प्राणी नाकारला. तुलनेची वाट दोघांनीही अडवली, फक्त वेगवेगळ्या टोकांनी. आयबोची दुरुस्ती २०१४ मध्ये कंपनीने बंद केल्यावर चिबा प्रांतातल्या इसुमीच्या कोफुकुजी मंदिरात २०१५ पासून निकामी आयबोंचे अंत्यविधी होऊ लागले आणि त्यांचे सुटे भाग दुसऱ्या आयबोंच्या दुरुस्तीला जाऊ लागले. पॅरोला २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली.

शरीर कमी केल्याने संवाद वाढतो, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा कोझिमा हिदेकी या जपानी संशोधकाच्या कामात आहे. त्यांनी आधी इन्फॅनॉइड नावाचा लहान मुलाच्या आकाराचा यंत्रमानव केला: हलणारी बोटे, भुवया, ओठ, डोळे. मुले त्याच्यापुढे बावरत, आणि सावरल्यावर त्याचे एकेक हलणारे भाग न्याहाळण्यात गुंगत. बोट बघितले, मग डोळा बघितला. समोर कोणीतरी एकसंध आहे हे मात्र मनात उतरत नसे. मग कोझिमांनी कीपॉन केला, १२ सेंटीमीटर उंचीचा, मऊ रबराचा, एकावर एक ठेवलेल्या दोन पिवळ्या गोळ्यांचा. दोन डोळे, त्यांत कॅमेरे. नाकाच्या जागी ध्वनिग्राहक. त्याच्या हालचाली चारच: मान वळवणे, मान हलवणे, बाजूला झुलणे, उड्या मारल्यासारखे दबणे. तो कुठे पाहतो आहे आणि त्याला मजा वाटते आहे की नाही, या दोन गोष्टींपलीकडे त्याचे शरीर काही सांगतच नाही. स्वमग्न मुलांनी त्याच्याशी जी देवाणघेवाण केली, ती पाहून संशोधक त्याला उपचारवर्गांत वर्षानुवर्षे नेत राहिले.

इथे एक जुना आक्षेप येतो. जपानमध्ये शिंतो परंपरेमुळे दगडधोंड्यांतही चैतन्य मानतात, म्हणून तिथे यंत्रे आपलीशी वाटतात. आकाराचा प्रश्न गौण आहे, असे म्हटले जाते. हे खरे असते तर ‘पेपर’ या रोबोचे जे झाले ते झाले नसते. सॉफ्टबँकने जून २०१४ मध्ये दाखवलेला हा १२१ सेंटीमीटरचा रोबो माणसाच्या भावना ओळखतो असे सांगितले गेले. त्याला मोठे डोळे होते, पाच बोटांचे हात होते, कंबर होती. त्या हातांना काही नीट उचलता येत नव्हते, आणि बोलणे अडले की ग्राहक छातीवरच्या टॅबलेटकडे वळत. सुमारे २७,००० नग बनल्यावर २०२० मध्ये उत्पादन थांबले. नागासाकी प्रांतातल्या ‘हेन्ना’ हॉटेलने २०१५ मध्ये स्वागतकक्षात डायनोसॉर आणि स्त्रीरूपातले यंत्र बसवले. पारपत्राची छायाप्रत काढायला माणूसच धावत यायचा. खोलीतली बाहुली पाहुण्याचे घोरणे ऐकून, आपल्याला काही सांगितले असे समजून त्याला जागे करी. २०१९ च्या सुरुवातीला २४३ पैकी निम्म्याहून अधिक रोबो काढून टाकल्याची बातमी आली. हे सगळे जपानमध्ये, जपानी माणसांबरोबर घडले. आणि शिंतोशी काही संबंध नसलेल्या डेन्मार्कच्या वृद्धाश्रमांनी पॅरोला मांडीवर घेतले. संस्कृतीचा वाटा नाही असे मी म्हणणार नाही. कोफुकुजीचे विधी त्या मातीतलेच आहेत. पण यंत्राने दिलेले वचन पाळले नाही तर ते सांभाळून घेण्याइतकी भोळी कोणतीच संस्कृती नसते.

दुसरा आक्षेप इशिगुरो हिरोशी यांच्या बाजूने येतो आणि तो अधिक वजनदार आहे. ओसाका विद्यापीठाच्या या संशोधकाने २००६ मध्ये स्वतःचीच सिलिकोनची प्रतिकृती, जेमिनॉइड, केली. माणसाला माणसाचाच चेहरा वाचायची सवय आहे, तेव्हा त्याच्याशी बोलायला तोच सर्वोत्तम आकार, असे ते मानतात. त्यांची यंत्रे माणसाची उपस्थिती म्हणजे नेमके काय असते, हे तपासण्याची उत्तम साधने आहेत, यात शंका नाही. पण जेमिनॉइडचे बोलणे बहुतेक वेळा पलीकडच्या खोलीतला माणूस चालवतो. वचन माणसाचे आहे आणि ते माणूसच निभावतो. इशिगुरोंच्या सहभागाने क्योतोच्या कोदाइजी मंदिरात २०१९ मध्ये उभी राहिलेली कान्नोन या बौद्ध देवतेची यंत्रमूर्ती ‘मिंदार’ तर माझ्याच बाजूची साक्ष देते. तिचा चेहरा, हात आणि खांदे तेवढे त्वचेसारखे आहेत. उरलेले शरीर उघड्या धातूचे, तारा आणि नळ्या दिसणारे. ती प्रवचन देते, म्हणून बोलणारे तोंड आणि जोडणारे हात पुरेसे आहेत. अर्धे शरीर उघडे ठेवून तिने आपण काय आहोत हे सांगूनच ठेवले आहे.

तिसऱ्या आक्षेपाशी मला सर्वांत जास्त वेळ थांबावेसे वाटते. ऑस्ट्रेलियन तत्त्वचिंतक रॉबर्ट स्पॅरो यांनी २००२ मध्येच यांत्रिक पाळीव प्राण्यांवर लिहिताना बजावले होते की त्यांच्या सोबतीचे सुख भ्रमावर उभे असते, आणि वृद्धांना असा भ्रम देणे हा त्यांचा आदर नव्हे. अमेरिकन अभ्यासक शेरी टर्कल यांनी २०११ च्या ‘अलोन टुगेदर’ या पुस्तकात पॅरोला आपली दुःखे सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे पाहून हीच वेदना मांडली: ऐकणारा कोणी तिथे नाही. मग ज्या शरीराची मी स्तुती करतो आहे, ते कमी वचन देणारे नसून अधिक कुशल फसवणूक करणारे आहे, असे कोणी म्हटले तर? शाबूत मनाच्या माणसापुरते या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर आहे. सीलचे पिलू मांडीवर घेणाऱ्याला ते यंत्र आहे हे ठाऊक असते, आणि सीलकडून कोणी सल्ला, औषधाची आठवण किंवा निष्ठा मागत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या बाबतीत हे उत्तर लंगडे पडते आणि ते मी मान्य करतो. मात्र तिथेही एक पुरावा ध्यानात घ्यावा. ऑस्ट्रेलियात २८ शुश्रूषागृहांतल्या ४१५ रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना चालू पॅरो दिला, काहींना यंत्रणा बंद केलेला पॅरो, आणि काहींना नेहमीचीच शुश्रूषा. चालू पॅरोशी रुग्ण अधिक बोलले, त्याच्याकडे अधिक पाहत राहिले. पण काही बाबतींत बंद पॅरोचा परिणामही जवळपास तसाच होता. म्हणजे दिलाशाचा मोठा भाग प्रतिसादाचा नसून मऊ, बाळाच्या वजनाच्या, मांडीत मावणाऱ्या आकाराचा आहे. पॅरो ऐकतो असे भासवण्याची गरज वाटते तितकी नाही. ज्यांना फसवणुकीची चिंता आहे, त्यांच्यासाठीही वाट आकार आणखी साधा करण्याची आहे.

आता असे सांगितले जाते की भाषा समजणारी संगणकप्रणाली आल्यामुळे जुना हिशेब रद्द झाला. यंत्र खरोखर बोलू लागले, तेव्हा त्याला माणसाचे शरीर द्यायला हरकत काय? शिवाय घरे, जिने, भांडी माणसाच्या मापाची असतात. जिन्याचा मुद्दा असिमोच्या वेळीही हाच होता, आणि त्याचे काय झाले ते वर आलेच आहे. बोलण्याने तर अडचण वाढते. अस्खलित आवाज ऐकला की आपण त्या हातांनाही तितकेच कुशल समजतो, आणि हात अजून भाषेच्या कितीतरी मागे आहेत. या काळात जपानी लोकांनी खरोखर मोठ्या संख्येने स्वीकारलेला रोबो पाहावा. स्कायलार्क या उपाहारगृहांच्या साखळीने २०२२ च्या अखेरपर्यंत सुमारे ३,००० वाढपी यंत्रे आणली. ती चीनमधल्या शेनझेनची आहेत: चाकांवरचे फडताळ, वर मांजराचा चेहरा दाखवणारा पडदा आणि कान. त्याला हात नाहीत. ते टेबलापाशी थांबते आणि आपली थाळी आपण उचलायची असते. ग्राहकाला कोणी शिकवावे लागत नाही, आणि कामाच्या धांदलीतली कर्मचारी बाई त्याला न बिचकता वळसा घालून जाते.

अशी यंत्रे आपल्याकडच्या रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांतही येऊ लागतील, आणि विकणारे आधी चेहरा दाखवतील, कारण चेहऱ्यावर पैसे लवकर सुटतात. पुण्या-मुंबईतल्या ज्या संस्थाचालकांना आणि कुटुंबांना हा निर्णय घ्यावा लागेल, त्यांना एवढीच विनंती आहे: ते यंत्र आजीआजोबांसमोर ठेवण्यापूर्वी त्याचा आवाज बंद करायला सांगा, आणि त्याच्याकडे नुसते पाहून ते काय काय करू शकेल असे वाटते, याची यादी करा. मग विक्रेत्याला त्यातली प्रत्येक गोष्ट करून दाखवायला लावा. जी गोष्ट त्याला येत नाही, ती येत असल्याचा भास देणारा भाग काढून टाकायला सांगा. ते काढता येत नसेल, तर यंत्र परत पाठवा.